शंकाताई आणि गुलाबी जिवाणू

शंकाताईंच्या घरी तीन थर्मामीटर होते. पहिला ताप बघायला, दुसरा पहिला खरं सांगतोय का ते बघायला, आणि तिसरा त्या दोघांचं पटलं नाही तर निकाल द्यायला. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. एकदा त्याने काही कारण नसताना घरी फुलं आणली. ताईंनी फुलं घेतली, भांड्यात पाणी भरलं, फुलं नीट लावली आणि मग विचारलं, "काय केलंत?" काही केलं नाही असं सांगता सांगता त्या बिचाऱ्याला घाम फुटला, आणि घाम फुटला म्हटल्यावर ताईंची खात्रीच पटली. नक्की कशाची खात्री पटली ते मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. लोक त्यांना समोर नुसतं ताई म्हणत आणि मागे शंकाताई. हे मागचं नाव त्यांना माहीत होतं. ते कोणी पाडलं याबद्दलही त्यांचा एकावर संशय होता.

नोकरी मैलापाण्याच्या केंद्रात. शहराची सगळी सांडपाण्याची घाण जिथे येऊन पडते आणि पुढे बरीचशी स्वच्छ होऊन नदीला मिळते, ती जागा. मोठमोठ्या उघड्या टाक्या, खालून हवा सोडलेली, तपकिरी पाणी सारखं बुडबुडत असतं. पाहुणे आले की इंजिनिअर मंडळी यंत्रं दाखवतात. खरं काम यंत्रं करतच नाहीत. ती फक्त हवा घालतात. घाण खातात ते गाळातले जिवाणू, आणि त्या गाळाच्या एका थेंबात किती जातींचे जिवाणू नांदतात हे आजवर कोणालाच धड मोजता आलेलं नाही. केंद्राच्या पहिल्या मजल्यावर प्रयोगशाळा होती आणि तिथे ताई सत्तावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

अशा जागी संशयी माणूस म्हणजे सोनं, हे आधी कबूल केलं पाहिजे. जिवाणू डोळ्याला दिसत नाही. तो हवेत आहे, बोटावर आहे, टेबलावर आहे. तुम्ही एक वाढवायला जाता आणि भलताच येऊन बसतो. म्हणून नळीचं झाकण उघडायचं ते जाळाजवळ, आणि टोकाला बारीक कडं असलेली तार आत घालायच्या आधी लाल होईपर्यंत तापवायची. विश्वास नावाची चीज इथे कामाची नाही. ताईंच्या हातची प्लेट, म्हणजे जिवाणू वाढवायची झाकणाची बशी, कधी बिघडली नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थोडं जास्तच ठाऊक होतं.

या संशयाला कारणही होतं. अकरा वर्षांपूर्वी एक गोड बोलणारे संशोधक तिथे आले होते. ताईंना आल्याआल्या "माझ्या मोठ्या बहिणीसारख्या" म्हणाले. त्यांनी गाळातून एक दुर्मीळ जिवाणू काढला म्हणून केवढा गवगवा झाला. पुढे कळलं की तो त्यांनी एका जिवाणू संग्रहातून पार्सलने मागवला होता आणि गाळातून काढला असं सांगून खपवला होता. जिवाणूंचे असे संग्रह असतात, बरं का. ग्रंथालयासारखे. जगभरातले ओळखलेले जिवाणू तिथे जपून ठेवतात आणि मागेल त्या प्रयोगशाळेला पाठवतात. नमुन्याच्या नोंदीखाली सही होती ताईंची. चौकशी समितीसमोर त्यांना दोन तास उभं केलं, एका बाईने तर हसत विचारलं की तुम्ही सही करताना डोळे मिटले होते का. गोड बोलणारे गृहस्थ दुसरीकडे नोकरीला लागले. ताई घरी येऊन तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. पुन्हा कोणी आपल्याला असं बनवणार नाही, ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ झाली.

आणि आता तिथे ही पोरगी होती. प्रबंधासाठी चार वर्षं तिथे काम करणारी, म्हणून ताईंनी तिचं नाव ठेवलं थिसिसवाली. कामाला चोख, बोलायला कमी. कमी बोलते म्हणजे काहीतरी लपवते, हे ओघानेच आलं.

थिसिसवालीने टाकीतला गाळ पाण्यात पातळ करत करत जवळजवळ काही उरलं नाही इतका पातळ केला, प्लेटीवर पसरला आणि वाट पाहत बसली. लोक दोन दिवस थांबतात. हिने तीन आठवडे थांबून पाहिलं. नवव्या दिवशी एका प्लेटीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा फिकट गुलाबी ठिपका आला. तो उचलून पुन्हा पसरला, पुन्हा उचलला, असं सहा वेळा करून तिने तो एकट्याचा केला. मग त्याच्या एका ठरावीक जनुकाची अक्षरं वाचून घेतली आणि जगात नोंदलेल्या जिवाणूंशी ताडून पाहिली. शंभरात साडेअठ्ठ्याण्णवच्या वर अक्षरं जुळली तर तो बहुधा ओळखीतलाच निघतो. हिचा गुलाबी शहाण्णवावर अडकला. म्हणजे आजवर कोणी न पाहिलेली जात.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, ते सहसा हसत नसत. त्या दिवशी हसले. ताईही तोंडदेखलं हसल्या. मनात मात्र पाल चुकचुकली. नवी जात? आणि या शांत पोरीला? सत्तावीस वर्षांत आपल्याला नाही दिसली ती?

हा शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतःलाही मोठ्याने विचारला नाही.

नवी जात असं नुसतं म्हणून चालत नाही. सगळ्यात जवळचा नातेवाईक जिवाणू शेजारी ठेवून दोघांची तुलना करावी लागते. हा काय खातो, तो काय खातो, ह्याला मीठ किती सोसतं, त्याला ऊब किती लागते. आणि शेवटी नव्या जातीची एकेक नळी दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांना द्यावी लागते. दोघांनी लिहून दिलं की हो, आमच्याकडे वाढतोय आणि तुम्ही सांगितला तोच आहे, की मगच नाव पक्कं होतं. थिसिसवालीचं सगळं त्याच्यावर लटकलं होतं. तिला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. नाव पक्कं नाही तर शोधनिबंध नाही, शोधनिबंध नाही तर पदवी नाही, चार वर्षं पाण्यात.

तर तो नातेवाईक जिवाणू एका संग्रहातून पार्सलने आला. सही ताईंनीच केली. पिवळ्या रंगाचा, दोन दिवसांत भराभर वाढणारा. खोकं हातात घेतलं आणि ताईंनी ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. अकरा वर्षांपूर्वीही असंच खोकं आलं होतं.

तुलनेसाठी नातेवाईक मागवावाच लागतो, हे ताईंना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. नियम कोणाला शिकवता? पण मनात एकदा घर केलेल्या संशयाला नियम दाखवून बाहेर काढता येत नाही. उद्या ही पोरगी पिवळ्याचंच काहीतरी करून नवी जात म्हणून खपवणार आणि समितीसमोर पुन्हा आपणच उभ्या राहणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग त्यांनी एक निळ्या पुठ्ठ्याची वही घेतली आणि पाळत सुरू केली. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला यायचं, म्हणजे थिसिसवाली यायच्या तासभर आधी. शीतपेटीतून तिची गुलाबी जिवाणूची मूळ नळी काढायची. पिवळ्याची नळीही काढायची. एकाच प्लेटीवर मधोमध रेघ मारून एका अर्ध्यावर गुलाबी, दुसऱ्यावर पिवळा ओढायचा आणि पुढचे दहा दिवस काय काय उगवतं ते बघायचं. मूळ नळी ही जपायची चीज, मालकाला न विचारता तिला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात डोकावणं. ताईंनी ते केलं, आणि डोळ्यांत तेल घालून केलं. प्लेटीचा निकाल वहीत डाव्या पानावर. उजव्या पानावर पोरगी.

उजवी पानं वाचण्यासारखी होती. "आज साडेसातला आली. का?" "नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. म्हणे स्पिरिटने शाई गेली." "एक प्लेट काळ्या कागदात गुंडाळून ठेवली." "जिन्यात फोनवर रडली. मला बघून डोळे पुसले. नाटक वाटतं." डाव्या पानांवर मात्र सलग पाच आठवडे एकच ओळ होती. गुलाबी शुद्ध. पिवळा वेगळा.

एवढं होऊन दुसऱ्या कोणी वही बंद केली असती. ताईंना वाटलं, पोरगी हुशार दिसते.

त्या पाच आठवड्यांत गुलाबीची एक नळी देशातल्याच संग्रहाकडे गेली. परदेशी पाठवायची परवान्याच्या कागदपत्रात अडकली. आणि मग एका सोमवारी ताईंनी आदल्या गुरुवारची प्लेट उघडली तर दोन्ही अर्ध्यांवर पिवळं. गुलाबीच्या बाजूलाही पिवळे गोल ठिपके, टच्च भरलेले. त्यांनी मूळ नळीतून पुन्हा एक प्लेट घातली आणि वहीत लिहिलं, "पिवळा आला. पकडली."

खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. पाच आठवडे जिची वाट पाहिली ती गोष्ट घडली होती. दुसऱ्याच दिवशी परवाना आला, आणि थिसिसवाली त्याच मूळ नळीतून नवी नळी भरून परदेशी संग्रहासाठी खोक्यात घालायला लागली. ताई शेजारच्या टेबलावर बाटल्या पुसत होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर पुरे होतं. नाही बोलल्या. बुधवारी त्यांच्या नव्या प्लेटीवरही पिवळाच आला, तोवर खोकं निघून गेलं होतं. अर्धवट पुराव्यावर बोलून तोंडघशी पडायचं नाही, सगळं प्रकरण पुरतं पिकू द्यायचं आणि मग वही सरांच्या टेबलावर ठेवायची, असा त्यांचा बेत होता.

महिन्याभराने परदेशातून पत्र आलं. थंड, सभ्य भाषेत लिहिलेलं. आपण पाठवलेल्या नळीत नवी जात आढळली नाही. आढळला तो अमुक पिवळा जिवाणू, जो आमच्या संग्रहात आधीपासून आहे. कृपया खुलासा करावा.

सरांनी दोघींना खोलीत बोलावलं. पत्र वाचून दाखवलं. मग थिसिसवालीला एवढंच विचारलं की पिवळा नळीत आला कुठून. ती म्हणाली, माहीत नाही. सर म्हणाले, पिवळा तू मागवला होतास. ती म्हणाली, हो, तुलनेसाठी. पाठवण्याआधी मूळ नळी शुद्ध आहे का ते तपासलं होतंस? ती म्हणाली, नाही. आदल्या खेपेची नळी भरली तेव्हा तपासली होती. "त्यानंतर मी ती उघडलीच नव्हती, सर. मी उघडली नाही म्हणजे कोणीच उघडली नाही, असं मी धरून चालले."

सर वाईट माणूस नव्हते, पण अकरा वर्षांपूर्वीचा शेक त्यांनाही बसला होता. देशातल्या संग्रहाला दिलेली नळीही परत मागवू, प्रकाशनाकडे गेलेला मजकूर मागे घेऊ, शुक्रवारपर्यंत तुझ्याकडे काही खुलासा असेल तर दे, असं ते हळू आवाजात म्हणाले. पहिली नळी चांगली निघाली तरी लोक हेच विचारतील की दुसरीत पिवळा कोणी घातला. थिसिसवाली रडली नाही. ती उठली, दार ओढून घेतलं आणि गेली. ताईंनी उजव्या पानावर लिहायला पेन काढलं आणि काय लिहावं ते सुचेना.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्यापुढे वही उघडली. उद्या ही सरांना देणार, तेव्हा आज एकदा सगळं लावून घेते, म्हणाल्या. नवरा समोर बसून एका चष्म्याचा दांडा दुरुस्त करत होता. बायकोचा स्वर चढला की मान डोलवायची, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकला होता. ताई तारखांनिशी वाचत गेल्या. गुलाबी शुद्ध, पिवळा वेगळा. गुलाबी शुद्ध, पिवळा वेगळा. मग तो गुरुवार आला. "आज पिवळा आधी घेतला. बर्नरचा गॅस संपला. तार स्पिरिटने पुसली. जिन्यात पावलं वाजली, घाईने आवरलं." आणि लगेच खाली सोमवार, "पिवळा आला."

नवऱ्याने मान वर केली. त्याला जिवाणूतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने सरळ मनाने विचारलं, "स्पिरिटने पुसलं तर चालतं का गं?"

ताई सांगायला लागल्या, की तसं चालत नाही, तार लाल झाली पाहिजे, नाहीतर आधीच्या नळीतलं कड्याला चिकटून राहतं आणि पुढच्या नळीत…

आणि तिथे त्या थांबल्या.

पहिल्या वर्षाला असलेल्या पोरासोरांनाही त्या हेच ओरडून सांगायच्या. आधी अनोळखी नळी, मग ओळखीची. तार लाल झाल्याशिवाय आत घालायची नाही. त्या गुरुवारी त्यांना पिवळ्याचीच घाई होती, म्हणून पिवळा आधी घेतला. नुसती पुसलेली तीच तार गुलाबीच्या मूळ नळीत बुडवली. पिवळा भराभर वाढणारा, गुलाबी नऊ दिवस घेणारा. पुढे काय होणार ते सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? दोन्ही अर्ध्यांवर पिवळं आलेली प्लेट एखाद्या विद्यार्थ्याने आणून दाखवली असती तर ताईंनी पहिला प्रश्न विचारला असता, तार नीट तापवली होतीस का? जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेऊन झाला होता. स्वतःच्या हातावर घ्यायचा राहिला होता.

नवरा म्हणाला, "अगं, काय झालं?" ताईंनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. अक्षर आपलंच आहे ना ते पाहिलं. दुसऱ्या कोणी मागाहून ती ओळ लिहिली असेल का, असंही क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभ्या राहिल्या.

वही कोणीच पाहिली नव्हती. फाडून टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. निवृत्तीला तीन वर्षं, निष्कलंक नोकरी. हे सगळं त्यांच्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं, आणि चांगलं दोन दिवस मुक्काम ठोकून राहिलं. त्या दोन दिवसांत थिसिसवाली आपलं टेबल आवरत होती. नळ्या धुऊन जागेवर लावत होती, पुढच्या माणसाला त्रास नको म्हणून प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहीत होती. ताई बघत होत्या. ढोंग करणारं माणूस असं आवरत नाही, हे त्यांना कळत होतं आणि ते बघवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सरांच्या खोलीत थिसिसवाली उभी होती. खुलासा नाही, असं तिने सांगूनही टाकलं होतं. ताई आत गेल्या आणि वही टेबलावर ठेवली.

"पिवळा मी घातला," त्या म्हणाल्या. "तो चुकून. पण दिसल्यावर गप्प बसले, ते चुकून नाही."

मग सगळं सांगितलं. सोमवार, गुरुवार, संपलेला गॅस, पुसलेली तार, खोक्यात जाताना पाहिलेली नळी. सर पानं उलटत होते. डावी पानं वाचताना त्यांचा चेहरा सुटत गेला आणि उजव्या पानांवर नजर गेली तसा पुन्हा बंद झाला. त्यांनी वही थिसिसवालीकडे सरकवली. यातल्या तारखा तुझ्या कामाच्या आहेत, म्हणाले. ताईंना वाटलं होतं ती तिथेच वाचेल, ओरडेल, काहीतरी म्हणेल. तिने वही बॅगेत घातली आणि घरी घेऊन गेली.

चार दिवस वही तिच्याकडे होती. ते चार दिवस ताईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. उजव्या पानांवर काय काय लिहिलं होतं ते एकेक आठवत होतं. "नाटक वाटतं" हे तर जेवताना आठवायचं आणि घास फिरायचा. ताईंना लेखी समज मिळाली. पुढची सूचना मिळेपर्यंत जिवाणूंच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, खालच्या मजल्यावर नमुन्यांच्या बाटल्या धुवायच्या. सत्तावीस वर्षांच्या तंत्रज्ञ बाई बाटल्या धुतात हे बघायला लोक काहीबाही निमित्त काढून खाली येऊन गेले. ताईंनी कोणालाच काही सुनावलं नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, मी दुपारी डबा घेऊन येऊ का सोबतीला. का म्हणून त्यांनी विचारलं नाही, या म्हणाल्या.

वर मात्र काम हललं. देशातल्या संग्रहाला दिलेली नळी त्या गुरुवारच्या आधीची होती, आणि तोवर मूळ नळी शुद्ध होती हे सांगणारा जगात एकच कागद होता. डावी पानं. आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे, तारीखवार, गुलाबी शुद्ध. सरांनी त्या पानांच्या प्रती परदेशी पाठवल्या, देशातल्या संग्रहाने आपल्याकडच्या नळीतून नवी नळी काढून दिली आणि ती परदेशी पाठवण्याआधी अक्षरं पुन्हा वाचली. शहाण्णव. मुदत संपायला अकरा दिवस उरले असताना परदेशातून दुसरं पत्र आलं. वाढतो आहे, सांगितला तोच आहे, अभिनंदन. वरून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा ताई खाली बाटल्यांच्या बुडाला ब्रश घालत होत्या. त्यांना रडू आलं आणि पाण्याचा नळ चालू होता ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी थिसिसवाली खाली आली. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. तिने सरांकडून परत आणलेली निळी वही ओट्याच्या कोरड्या जागी ठेवली. ताई हात पुसत उभ्या राहिल्या.

"जिन्यात फोनवर होते त्या दिवशी आईला दवाखान्यात ठेवलं होतं," ती म्हणाली. "भावाशी बोलत होते."

चुकलं माझं, एवढंच ताई म्हणाल्या. ते फार थोडं आहे हे त्यांनाही कळलं.

थिसिसवालीने मान हलवली. ठीक आहे, असं ती म्हणाली नाही. तिने सांगितलं, की आता नव्या जातीच्या मूळ नळ्या इथे कायमच्या ठेवायच्या आहेत. सरांचा नवा नियम, एकाने भरायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. तपासायला मी तुमचं नाव दिलं आहे, सर हो म्हणालेत.

ताईंच्या मनात जुनी खोड उसळून आली. का? माझंच का? यात काय डाव आहे? आणि त्यांनी विचारलंच, कारण न विचारता त्यांना राहवलं नसतं.

"तुमच्याइतकं बारीक बघणारं इथे कोणी नाही," थिसिसवाली म्हणाली. "पण माझ्यासमोर बघायचं, ताई. मी नसताना माझ्या नळीला हात लावायचा नाही."

जिवाणूंच्या खोलीत दोघी गेल्या. थिसिसवालीने बर्नर पेटवला, नळी ताईंच्या हातात दिली आणि हातभर अंतरावर उभी राहिली. ताईंच्या बोटांकडे बघत होती. झाकण कसं धरतात, तार कुठे ठेवतात, बाही कुठे लागते. ताईंनी बाही कोपरापर्यंत दुमडली. पाच आठवडे आपण या पोरीकडे असंच बघत होतो, फरक एवढाच की तिला ते माहीत नव्हतं, आणि तिच्या आताच्या बघण्याला कारण आहे. त्यांनी मान वर केली नाही. तार जाळात धरली आणि लाल झाल्यावरही बराच वेळ तशीच धरून ठेवली.